मोठी कव्हरे आणि पूर्ण शीट पानावर लावताना या चुका टाळा

सुटी टपालतिकिटे प्रदर्शनाच्या पानावर लावणे सोपे असते. लांब सरकारी लिफाफे व लाखेच्या मोहरांची विमा पाकिटे यांसारखी मोठी कव्हरे (टपालातून गेलेली पाकिटे), संस्थानी स्टँप पेपर, उलगडलेली जुनी पत्रे किंवा तिकिटांची पूर्ण शीट हाती आली की मात्र संग्राहकाची अडचण सुरू होते. प्रदर्शनाचे रूढ पान ए-४ आकाराचे, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर उंच असते आणि एका फ्रेममध्ये, म्हणजे प्रदर्शनात पाने लावायच्या चौकटीत, एका ओळीत चार याप्रमाणे चार ओळींत अशी १६ पाने बसतात. वस्तू या मापात मावली नाही की तिलाच दुमडून किंवा कापून मापात आणण्याचा मोह होतो, आणि खाली दिलेल्या बहुतेक चुका त्या मोहातूनच घडतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या प्रचलित गुणपद्धतीत १०० पैकी मांडणीला ५ आणि वस्तूच्या स्थितीला १० गुण असतात, हे ध्यानात घेतले तर मांडणीसाठी कव्हरावर नवी घडी पाडणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, हे सहज पटेल.

पूर्ण शीट छिद्ररेषेवर (तिकिटे सुटी करण्यासाठी पाडलेल्या भोकांच्या रेषेवर) दुमडली तर काही बिघडत नाही, असा समज फार पसरलेला आहे. छिद्ररेषा हीच शीटची सर्वांत अशक्त जागा असते. तिथे पुन्हापुन्हा घडी पडली की तिकिटांमधले धागे एकेक करून तुटतात आणि काही वर्षांनी शीटचे दोन तुकडे हाती येतात. शीटचा कोरा दिसणारा कडेचा भाग कापून टाकणे ही त्याहून वाईट चूक आहे. छपाईच्या रंगांचे ठिपके आणि क्रमांक याच भागात असतात, आणि अभ्यासकाला कित्येकदा तिकिटापेक्षा त्यांच्यातच अधिक रस असतो.

लांब पाकीट तिरके लावण्याची युक्ती तपासून पाहण्यासारखी आहे. नेहमीचा लांब लिफाफा २२० बाय ११० मिलिमीटरचा असतो, म्हणजे उभ्या ए-४ पानापेक्षा केवळ १० मिलिमीटरने मोठा. थोडा तिरका केला की तो बसेल असे वाटते, पण प्रत्यक्षात उलटेच घडते: ३० अंशांत तिरका केला तर त्याला सुमारे २४५ मिलिमीटर रुंदी लागते, ४५ अंशांत सुमारे २३३, आणि ६० अंशांपर्यंत वळवल्यावर कुठे ती २०५ वर येते. तोवर त्याने पानाची २४५ मिलिमीटर उंची व्यापलेली असते, मजकुराला जागा उरत नाही आणि पाहणाऱ्याला मान वाकडी करावी लागते ती वेगळीच. अशा वेळी आडवे ए-३ पान घ्यावे. त्याची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे उभ्या ए-४ इतकीच असल्यामुळे ते फ्रेमच्या ओळीत दोन पानांच्या जागी नेमके बसते. मात्र एका ओळीत दोन ए-३, किंवा एक ए-३ आणि दोन ए-४, हा हिशेब आराखडा करतानाच मांडावा. पाने तयार झाल्यावर ए-३ पान ओळीच्या शेवटी आले आणि तिथे एकाच पानाची जागा उरली, तर पुढची सगळी रचना बदलावी लागते.

पानाला चीर पाडून कव्हराचा नको असलेला भाग मागे सरकवणे ही मान्य पद्धत आहे, विशेषतः विषयानुसार केलेल्या संग्रहांत. चूक होते ती काय झाकावे हे ठरवताना. तिकीट आणि शिक्का दिसतो, पण नोंदणीची चिठ्ठी किंवा जादा शुल्काची खूण चिरेमागे जाते, आणि मग टपालाचा दर समजावणारी टीप निराधार ठरते. मागच्या बाजूचा पोहोच-शिक्का (पत्र पोहोचल्यावर तिथल्या टपाल कार्यालयाने मारलेला शिक्का) दाखवण्यासाठी छायाप्रत लावायची असेल, तर ती मूळ आकारापेक्षा निदान २५ टक्के लहान किंवा मोठी असावी, म्हणजे ती अस्सल वस्तू म्हणून कोणी पाहणार नाही.

आधाराकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. लहान कव्हराला चार कोपरे (टोके अडकवायचे तिकोनी खिसे) पुरतात, परंतु मोठा कागद केवळ कोपऱ्यांवर उभा राहिला की मधोमध पोट काढतो आणि त्याचा सगळा भार खालच्या दोन टोकांवर येतो. म्हणून खालच्या कडेला सलग पट्टीचा आधार द्यावा व पानाचा कागदही जाड, आम्लरहित घ्यावा. हिंज (तिकीट चिकटवायची गोंद लावलेली छोटी कागदी पट्टी), सेलोटेप आणि गोंद यांना अशा वस्तूंजवळ फिरकूही देऊ नये. सेलोटेपचा पिवळा डाग कागदात मुरला की तो सहसा पूर्णपणे निघत नाही. लाखेची मोहर असलेले पाकीट दाबून ठेवल्यास मोहर तडकते, म्हणून मोहरेच्या जाडीइतका पुठ्ठा घेऊन त्यात तेवढीच खाच कापावी. फ्रेमच्या पारदर्शक आवरणामागे ती जाडी मावेल का, हे आयोजकांना आधीच विचारावे.

मोठ्या मापाचे प्लॅस्टिक पाकीट सहज मिळत नाही म्हणून अनेक जण स्टेशनरीच्या दुकानातले मऊ फोल्डर वापरतात. त्यांतले पुष्कळसे पीव्हीसीचे असतात. त्यांना नवे असताना उग्र वास येतो, आणि त्यांना मऊ ठेवणारी द्रव्ये कालांतराने बाहेर पडून शाई व कागद खराब करतात. पॉलिएस्टरचे, किंवा निदान पॉलिप्रॉपिलीनचे, पाकीट जोखून घ्यावे.

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. गोंद असलेल्या शीट एकावर एक रचून त्यांवर वजन ठेवले, तर दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात. दोन शीटमध्ये आम्लरहित कागद घालावा, गठ्ठा लहान ठेवावा आणि त्यावर काहीही ठेवू नये. बुरशीचे तपकिरी ठिपके दिसलेली शीट ताबडतोब वेगळी करावी. शीट गुंडाळून नळीत ठेवणेही टाळावे, कारण महिनोन्‌महिने वळलेला कागद उलगडताना गोंदाच्या थराला तडे जातात. पाने प्रदर्शनाला नेताना दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधावीत. पुठ्ठे ए-३ पानापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे असले म्हणजे धक्का पानाच्या कडेला लागत नाही.