मित्रांसोबत ग्रेट ओशन रोडला निघताय? या चुका टाळा

मेलबर्नला शिकायला आलेल्या आपल्या मुलामुलींची पहिली मोठी ट्रिप बहुतेक वेळा ग्रेट ओशन रोडचीच असते, आणि ती व्हायलाच हवी. टॉर्की ते ॲलन्सफर्ड हा २४३ किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, युद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ बांधला. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. मी चार वेळा जाऊन आले आहे. पोरं दरवेळी त्याच त्या चुका करताना दिसतात, म्हणून हे लिहितेय. समुद्राबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिथली चूक निस्तरता येत नाही.

एका दिवसात सगळं उरकायचा बेत

गुरुवारी रात्री ग्रुपवर ठरतं: शनिवारी पहाटे निघू, ट्वेल्व्ह अपॉसल्स (म्हणजे ‘बारा प्रेषित’, समुद्रातले उंच सुळके) बघू, रात्री घरी. हिशेब मांडून बघा. किनाऱ्याच्या रस्त्याने अपॉसल्सला पोचायला न थांबता साडेचार-पाच तास लागतात, आणि कोलॅकमार्गे आतल्या रस्त्याने परतायला तीन. म्हणजे पाचशेहून जास्त किलोमीटर आणि आठेक तास नुसते गाडीत. त्यातून ज्याच्याकडे लायसन्स आहे तो बहुधा एकटाच असतो आणि आदल्या रात्री शिफ्ट करून आलेला असतो. अंधार पडताना कांगारू आणि वॉलबी रस्त्यावर येतात, नेमके त्याच वेळी तुम्ही दमून परत निघालेले असता. निदान दोघं तरी गाडी चालवणारे हवेत, आणि मावळतीनंतर शहराबाहेर गाडी चालवायची वेळच येऊ देऊ नका.

त्यापेक्षा वाटेतल्या लॉर्नला किंवा अपोलो बेला एक मुक्काम करा. पाच-सहा जणांत वाटून घेतला की खर्च फार होत नाही. पहिल्या दिवशी किनाऱ्याने रमतगमत जा. केनेट रिव्हरला निलगिरीच्या फांद्यांच्या बेचक्यात झोपलेले कोआला दिसतात; मान वर करून जरा धीराने शोधावे लागतात इतकंच. दुसऱ्या दिवशी सकाळी अपॉसल्स. नाव बारांचं असलं तरी हे चुनखडीचे सुळके बारा कधीच नव्हते, आणि २००५ मध्ये त्यातला एक कोसळला. तिथे फोटो काढून लगेच मागे फिरू नका. थोडं पुढे लॉक आर्ड गॉर्ज आहे. १८७८ मध्ये त्याच नावाचं जहाज इथे फुटलं आणि ५४ पैकी दोघेच वाचले. पायऱ्या उतरून त्या चिंचोळ्या वाळूवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून लाट आत येताना दिसते. मला ही जागा अपॉसल्सपेक्षा जास्त आवडते.

शांत पाणी बघून उतरणं

आपल्यातले बरेच जण कोकणातल्या किनाऱ्यांवर गुडघाभर पाण्यात, हात धरून, कपड्यांसकट खेळत वाढलेत. पोहता येतंच असं नाही. त्यामुळे इथल्या लाटा बघून आपण साहजिकच लाटा फुटत नाहीत अशी जागा शोधतो. हीच सगळ्यात मोठी चूक.

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूत खोलगट जागा असेल तिथून ते जोरात आत ओढलं जातं. यालाच रिप करंट म्हणतात. तिथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, जरा खवल्यांसारखं हलणारं पाणी असा पट्टा दिसला, तर ती जागा सुरक्षित नाही. दुसऱ्या ट्रिपला माझ्या मैत्रिणीची चप्पल अशाच एका पट्ट्यात पडली. आम्ही घोट्याभर पाण्यात उभ्या होतो. चप्पल आजूबाजूच्या फेसात अडकली नाही, किनाऱ्याकडे आली नाही, सरळ रेषेत आत निघाली. आमच्या डोळ्यांसमोर ती लाटांच्या पलीकडे पोचली. मैत्रीण ती आणायला निघाली होती. मी तिचा दंड धरून ठेवला.

ऑस्ट्रेलियात रिप करंटमुळे दरवर्षी सरासरी वीसहून जास्त माणसं जातात. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्ज किनाऱ्यावर चार भारतीय बुडाले. तिथे जीवरक्षकांचा पहारा नव्हता. म्हणून पाण्यात उतरायचं ते फक्त जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. झेंडे नसतील तर वाळूत खेळा, फोटो काढा, पण आत जाऊ नका.

यात विद्यार्थ्यांची एक वेगळी अडचण आहे. शनिवार-रविवारच्या शिफ्टला पैसे जास्त मिळतात, म्हणून बरेच ग्रुप मंगळवार-बुधवारी जातात. पण व्हिक्टोरिया राज्यातले, म्हणजे इथले, स्वयंसेवक जीवरक्षक उन्हाळ्यातही मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीच असतात. निघण्याआधी बीचसेफ ॲपवर त्या किनाऱ्याचा पहारा कोणत्या दिवशी, किती ते किती आहे ते बघा. पोहायचं असेल तर त्या एका वीकेंडची शिफ्ट सोडा.

ओढ लागलीच तर

किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. तरबेज माणूससुद्धा त्यात दमतो, आणि दमलेला माणूसच बुडतो. पाठीवर तरंगा, एक हात वर करा, ओरडा. ओढ पाण्याखाली खेचत नाही, आत नेते. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या बाजूला सरका. आणि मित्र अडकलेला दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नका; वाचवायला गेलेलेही असेच जातात. आइसबॉक्सचं झाकण, बॉल, बॉडीबोर्ड, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका, जीवरक्षकाला हाक मारा, ट्रिपल झीरोला म्हणजे ००० या आपत्कालीन नंबरला फोन लावा.

बाकीच्या लहान चुका

गार वारा आहे म्हणून सनस्क्रीन न लावणं ही त्यातली पहिली. जानेवारीत इथला यूव्ही निर्देशांक अकराच्या वर जातो, ढग असले तरी त्वचा भाजते. एसपीएफ ५० दर दोन तासांनी पुन्हा लावा. जोडीला जाकीटही घ्या, कारण दक्षिणेचं वारं फिरलं की तासाभरात पारा पंधरा अंशांनीसुद्धा उतरतो.

अपॉसल्सजवळच्या गिब्सन स्टेप्सवरून खाली उतरणार असाल तर भरतीची वेळ आधी बघा. पाणी चढलं की खालची वाळू उरतच नाही.

लॉर्नच्या पुढची वळणं लागतात. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा आणि आलेपाकाच्या वड्या सोबत ठेवा. ऑटवेच्या जंगलात नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा. लहान गावांत रात्री आठ-साडेआठला स्वयंपाकघरं बंद होतात. आम्ही एकदा चिवड्यावर रात्र काढली आहे. तेव्हापासून तिखटमिठाच्या पुऱ्या घरूनच नेतो. बऱ्याच उद्यानांत फुकट वापरायचे इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतात, त्यावर पनीर-कणसं छान भाजून होतात.

भाड्याच्या गाडीला पंचविशीच्या आतल्या चालकासाठी वेगळे पैसे घेतात आणि अपघात झाला तर पदरचे भरायची रक्कमही जास्त असते. सही करण्याआधी दोन्ही आकडे विचारा, ते ग्रुपवर टाका, आणि नुकसान झालं तर सगळ्यांनी मिळून भरायचं हे निघण्याआधीच ठरवा. चालवणाऱ्या एकट्यावर ते पडलं की मैत्री तुटते.

आणि गाडीच नसेल तर बेत रद्द करू नका. साउदर्न क्रॉसहून जिलाँगपर्यंत व्ही-लाइनची ट्रेन, तिथून टॉर्की, लॉर्न करत अपोलो बेपर्यंत बस. मार्च २०२३ पासून या प्रवासाचं दिवसाचं भाडं मेलबर्न शहरातल्या दिवसभराच्या भाड्याइतकंच आहे. बसच्या फेऱ्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. जाताना डावीकडची खिडकी पकडा, समुद्र त्या बाजूला आहे.