टॉवेलच्या कारखान्यातल्या नोंदी कामाला कशा लावायच्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यांत माहितीला तोटा नाही. पिक मीटरचे आकडे (पिक म्हणजे मागात आडव्या धाग्याची एक फेक), सुताची आवक-जावक, काट्याच्या चिठ्ठ्या, जीएसटीची बिलं, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी असं सगळं रोज साठत जातं आणि वर्षअखेरीला रद्दीत जातं. त्यातून पैसा काढायचा तर आधी सॉफ्टवेअर घेऊ नका. एक प्रश्न ठरवा आणि तेवढ्याच नोंदी नीट ठेवा. पहिला प्रश्न हाच असावा: माग थांबतो कशाने?

हिशोब असा. माग मिनिटाला १८० पिक मारत असेल, तर आठ तासांच्या पाळीत ८६,४०० पिक व्हायला हवेत. मीटरवर ६०,४८० आले, तर कार्यक्षमता ७० टक्के, म्हणजे ४८० पैकी १४४ मिनिटं माग उभा होता. मीटर नसेल तर नगांवरून काढा: ६० इंच लांबीचा टॉवेल आणि इंचाला ४० पिक धरले, तर एका नगाला २,४०० पिक, पाळीला साधारण २५ नग.

आता ही १४४ मिनिटं कुठे गेली ते शोधायचं. प्रत्येक मागाला एक पुठ्ठा टांगा आणि कारणांना आकडे द्या: १ ताणा (उभा धागा) तुटला, २ बाणा (आडवा धागा) तुटला किंवा संपला, ३ बीम (ताण्याचा रूळ) बदल, ४ जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट, ५ वीज, ६ सूत नाही. आपल्याकडे एकाच शेडमध्ये तेलुगू, मराठी, हिंदी चालतं. लिहिण्यापेक्षा आकडा सगळ्यांना सोपा पडतो. मोठ्या थांब्याची मिनिटं लिहायची, ताणा-बाणा तुटल्याच्या फक्त रेघा मारायच्या. एका तुटीला किती वेळ जातो ते दोन-चार वेळा घड्याळ लावून पाहिलं की रेघांची मिनिटं निघतात. बेरीज १४४ च्या आसपास यायला हवी. ९० च आली, तर एक तर नोंदी सुटल्यात, नाहीतर माग १८० ने चालतच नाही. अशा वेळी टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) लावून पाहा. पट्टा सैल असेल तर वेग गुपचूप पडतो आणि दोष विणकरावर येतो.

सोलापुरात याच्या जोडीला आणखी एक नोंद हवीच: शेडमधली आर्द्रता. साधा आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. सकाळी, दुपारी दोनला आणि संध्याकाळी आकडा त्याच पुठ्ठ्यावर लिहा. सुती ताण्याला ७५ ते ८० टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी ती बरीच खाली जाते, खळ (ताण्यावरचा कांजीचा थर) ठिसूळ होते आणि ताणा तुटत राहतो. दोन आठवड्यांच्या रेघा आर्द्रतेशेजारी मांडा. दुपारीच तुटी वाढत असतील तर पैसा फवाऱ्यावर घाला. दिवसभर सारख्याच तुटत असतील तर सायझिंग (खळ लावण्याचं काम) किंवा सूत तपासा.

दुसरा प्रश्न वजनाचा. ३० × ६० इंचाच्या टॉवेलचं क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर. ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) ऑर्डर असेल तर नग सुमारे ५२३ ग्रॅम भरायला हवा. तो ५४० भरत असेल, तर हजार नगांमागे १७ किलो सूत फुकट जातं. किलोला २५० रुपये धरले तर ४,२५० रुपये. मात्र कापूस हवेतली ओल धरतो, म्हणून धुतलेला, पूर्ण सुकवलेला माल रोज एकाच वेळी मोजा. पावसाळ्यातलं वजन उन्हाळ्यातल्याशी ताडून पाहिलं तर भलताच निष्कर्ष निघतो.

हे सगळं बहुतेक ठिकाणी मोडतं ते एकाच कारणाने: नोंदीचा वापर मजुरी कापायला होतो. विणकराला नगावर मजुरी मिळते, म्हणजे माग थांबला की त्याचंही नुकसान आधीच झालेलं असतं. वर पुठ्ठ्यावरून बोलणी खावी लागली, तर दुसऱ्या दिवसापासून सगळी कारणं ‘५ वीज’ होतात. पुठ्ठ्यावर नाव नको, मागाचा नंबर लिहा. थांबे कमी होऊन नग वाढले म्हणून दर उतरवू नका, आणि हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा.

शेजारच्या चार-पाच कारखान्यांनी एकत्र येऊन फक्त सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचा आकडा), लॉट नंबर आणि हजार पिकांमागच्या तुटी एवढंच वाटून घेतलं तरी पुष्कळ साधतं. गिऱ्हाईक, दर, कामगारांची नावं त्यात अजिबात नकोत. तुटी मोजायची पद्धत मात्र सगळ्यांची एकच हवी. एकाने फक्त ताणा मोजला आणि दुसऱ्याने ताणा-बाणा दोन्ही, तर तुलना फसते. एकाच लॉटवर तीन कारखान्यांत तुटी वाढल्या, तर गिरणीकडे जाणारी तक्रार एकट्याची राहत नाही. त्यासाठी प्रत्येक लॉटचा एक कोन (सुताची गुंडी) लेबलसकट बाजूला ठेवा आणि त्या लॉटचा माल गिऱ्हाइकाने स्वीकारेपर्यंत तो वापरू नका.