नव्या ईसीयूला इग्निशन कॉइल जोडताना: फ्यूज सगळ्यात शेवटी

चावी ऑन, इंजिन बंद, आणि दोन मिनिटांत कॉइलला हात लावला तर चटका. माझी पहिली इग्निशन कॉइल (प्लगला स्पार्कसाठी हजारो व्होल्ट देणारी) अशीच गेली. वायरिंग मल्टिमीटरने तीनदा तपासलं होतं, त्यात काही खोट नव्हती. चूक लॅपटॉपवरच्या एका सेटिंगमध्ये होती. म्हणून कोणती वायर कुठे जाते हे तर सांगतोच, पण कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हेही सांगतो.

उदाहरणाला घेऊ चार सिलिंडरचं, डिस्ट्रिब्युटरवालं (एकाच कॉइलचा स्पार्क आळीपाळीने सगळ्या प्लगना वाटणारं) जुनं पेट्रोल इंजिन. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) स्पीडुइनो, म्हणजे अर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डावर चालणारा. कॉइल टोयोटा कोरोलाच्या वन-झेडझेड इंजिनाच्या, प्रत्येक प्लगवर एक. डिस्ट्रिब्युटर काढायचाच कशाला? ६००० आरपीएमला अशा इंजिनाला सेकंदाला २०० स्पार्क लागतात. एकच कॉइल असेल तर तिला दोन स्पार्कमध्ये ५ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातले तीनेक चार्जिंगलाच जातात. चार कॉइल असल्या की प्रत्येकीला २० मिलिसेकंद. (गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर बदलांबाबत आरटीओचे नियम आणि पीयूसी आधी बघा.)

कॉइल ओळखा

दोन पिनांची कॉइल म्हणजे नुसतं तांब्याचं वेटोळं. दोन पिनांमध्ये मल्टिमीटर साधारण अर्धा ते एक ओहम दाखवतो. ही कधीही स्पीडुइनोच्या पिनला थेट जोडू नका. ती पिन फक्त ५ व्होल्टचा इशारा देते, कॉइलचे सहा-सात अँपिअर तिला झेपणार नाहीत. मध्ये वेगळा इग्नायटर हवा, म्हणजे इशाऱ्यावर कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. चार पिनांच्या टोयोटा कॉइलमध्ये इग्नायटर आतच असतो, म्हणून नवख्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी. तीन पिना दिसल्या तर मात्र सावध. इग्नायटरवाली कॉइलही तीन पिनांची असते, आणि दोन साध्या कॉइल एकत्र केलेला पॅकही.

पिना

क्रम असा: १२ व्होल्ट, आयजीएफ, आयजीटी, अर्थ. पण कॉइलकडून बघितलं की कपलरकडून (वायरींच्या टोकाचा प्लास्टिकचा कनेक्टर), यावर डावं-उजवं फिरतं, आणि उलटं जोडलं तर इग्नायटर जळतो. त्यामुळे जुन्या बाजारातून कॉइल आणताना वायरिंगच्या तुकड्यासकट चारही कपलर घ्या. विकणारा कुरकुर करेल, दोन पैसे जास्त द्या. चारही कपलर शेजारी ठेवले की तीन वायरींचे रंग सगळीकडे सारखे दिसतील आणि एकीचा प्रत्येक ठिकाणी वेगळा. ती वेगळी वायर आयजीटी, म्हणजे स्पार्कचा इशारा. पांढरीवर काळी रेघ असेल ती अर्थ. आयजीएफ कंपनीच्या ईसीयूला ‘स्पार्क झाला’ अशी पोच देते. आपल्याला ती नको. टोक स्लीव्हने बंद करून बाजूला ठेवा.

जोडणी

१२ व्होल्ट रिलेमधून आणि कॉइलसाठी वेगळ्या १५ अँपिअर फ्यूजमधून घ्या. हा फ्यूज वेगळा का, ते पुढे येईलच. चारही कॉइलची अर्थ एकत्र करून सिलिंडर हेडला, रंग खरवडलेल्या जागी, थिंबल लावून बोल्टने कसा. ही वायर ईसीयूच्या सेन्सर अर्थला कदापि जोडू नका. कॉइलचा प्रवाह त्या वायरीतून गेला की तापमानाचे आकडे नाचतात आणि क्रँक सेन्सरचा (इंजिन कुठवर फिरलंय हे सांगणारा) सिग्नल बिघडतो. क्रँक सेन्सरची शील्डवाली वायर कॉइलच्या वायरींपासून लांबून न्या आणि शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा. प्लग रेझिस्टरवाले घ्या; एनजीकेच्या नंबरात त्यासाठी ‘आर’ असतो, जसं बीकेआर६ई. पिना क्रिंप करा. सोल्डर केलेली वायर जोडाजवळ कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते.

आता आयजीटी. इथे बरेच जण फसतात. स्पीडुइनोचे आउटपुट सिलिंडरच्या नंबराने नाही, फायरिंग ऑर्डरने, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात त्याने चालतात. १-३-४-२ असेल तर पहिला आउटपुट पहिल्या सिलिंडरला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा दुसऱ्याला. कॅम सेन्सर (कोणत्या सिलिंडरची पाळी आहे हे सांगणारा) नसेल तर याच जोडणीवर ‘वेस्टेड कॉप’ निवडा. १-४ आणि २-३ अशा जोड्या एकदम स्पार्क देतील.

लॅपटॉप आधी, फ्यूज नंतर

कॉइलचा फ्यूज काढलेला असतानाच लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ (स्पीडुइनोच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) उघडा. स्पार्क आउटपुट ‘गोइंग लो’ ठेवा: सिग्नल वर असताना कॉइल चार्ज होते, खाली येताच स्पार्क पडतो. मी नेमकं उलटं निवडलं होतं, म्हणून इंजिन बंद असतानाही कॉइल सतत चार्ज होत राहिली. दुसऱ्या ईसीयूंमध्ये याच शब्दांचा अर्थ वेगळा असू शकतो, त्यामुळे स्पीडुइनोचं ज्ञान तिथे वापरू नका. ड्वेल, म्हणजे कॉइल चार्ज होण्याचा वेळ, २.५ मिलिसेकंदांपासून सुरू करा. फर्मवेअर (ईसीयूच्या आतला प्रोग्रॅम) टाकतानाही दर वेळी फ्यूज काढाच.

मग चाचणी. इंजेक्टरचे कपलर काढा, आसपास पेट्रोलचा वास नाही ना हे बघा. प्लग कॉइलमध्ये घालून त्याचा धातू हेडला घट्ट टेकवा. प्लगशिवाय कॉइल चालवली तर ती आतून फुटू शकते. हातात तर अजिबात धरू नका, हजारो व्होल्ट असतात. पेसमेकर असलेल्यांनी लांबच थांबावं. आता फ्यूज घाला, चावी ऑन करा, मिनिटभराने कॉइल चाचपा. कोमट लागली तरी फ्यूज उपटा. गार असेल तर टेस्ट मोडमधून एकेक आउटपुट चालवा आणि स्पार्क बरोबर त्याच सिलिंडरला पडतो का ते बघा.

शेवटी टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते. सॉफ्टवेअरमध्ये १० अंशांवर फिक्स करा, सेल्फ मारा, टायमिंग लाइट धरा. प्लगवरच कॉइल असल्याने लाइटची क्लिप लावायला जागा नसते, तेव्हा पहिल्या सिलिंडरची कॉइल बाहेर काढून प्लगपर्यंत जुनी एचटी (हाय टेन्शन) प्लग वायर जोडा. लाइटवर अंशांची चकती असेल तर ती शून्यावर ठेवा, कारण वेस्टेड स्पार्कमध्ये ती दुप्पट आकडा दाखवू शकते. पुलीवरची खूण १० वर दिसेपर्यंत सॉफ्टवेअरमधला ट्रिगर अँगल (क्रँक सेन्सरच्या जागेची सेटिंग) बदला, आणि मगच इंजेक्टरचे कपलर परत लावा.