इंधनाच्या विमानाला रंग देण्याआधी

चतुर्थी आटोपली की हात शिवशिवतात, पण गोव्यात इंधनावर उडणारं छंदाचं छोटं मॉडेल विमान रंगवायला दिवाळीपर्यंत थांबावं. हवेत ओल असताना डोप, म्हणजे अशा विमानांना लावायचा झटपट वाळणारा लेप, लावला तर तो पांढुरका पडतो. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. डिसेंबरातही सकाळी दंव असतं, म्हणून दहाच्या आधी डबा उघडू नये. अंगण टाळा, तांबड्या मातीची धूळ ओल्या रंगाला सोडत नाही. पडवी बरी.

रंग कोणता, हे इंधन ठरवतं. ग्लो इंजिनाच्या, म्हणजे या विमानांच्या छोट्या इंजिनाच्या, इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल किंवा सिंथेटिक तेल असतं. माझ्या पहिल्या विमानाचं नाक मी घरात उरलेल्या फ्रेंच पॉलिशने चकचकीत केलं होतं. फ्रेंच पॉलिश चपड्याचं, चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि मिथेनॉल हेही अल्कोहोलच. दुसऱ्या उड्डाणानंतर नाक चिकट झालं, पुसायला गेलो तर लेप फडक्याबरोबर निघून आला. नायट्रेट डोपही वर दुसरा लेप न देता ठेवला तर इंधनापुढे टिकत नाही. ब्युटिरेट डोप कमी नायट्रोच्या इंधनापुढे तग धरतो. माझी पसंती हार्डनर घालून वापरायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाला, गाड्यांच्या गॅरेजात मिळतो तो. बाल्साच्या, म्हणजे विमान ज्याचं बनतं त्या हलक्या लाकडाच्या, तुकड्यावर आधी लावून पाहा, आठवडाभर पक्का होऊ द्या, मग तुम्ही उडवता तेच इंधन त्यावर थेंबभर टाकून पंधरा मिनिटांनी पुसा. फडक्याला रंग लागला तर तो डबा बाजूला ठेवा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. फवारणी करणार असाल तर कापडी रुमाल चालणार नाही, योग्य कार्ट्रिजचा मास्क हवाच, आणि मुलांना त्या वेळी घरात आत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, जी कुणाला दिसत नाही. तेल बाहेरच्या रंगातून क्वचितच शिरतं. ते शिरतं फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या फळीच्या, कडेतून, टाकीच्या नळ्यांच्या भोकांतून, इंजिनाच्या स्क्रूंच्या छिद्रांतून, पंख बसतो त्या खोबणीतून. बाल्सा एकदा तेल प्यायला की त्यावर ना गोंद धरतो, ना रंग. म्हणून इंजिन बसवण्याआधी टाकीचा कप्पा आणि फायरवॉल यांना तीस मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचा पातळ हात द्या. हेअर ड्रायरने किंचित ऊब दिली की इपॉक्सी लाकडात नीट मुरतो. भोकं काडीने आतूनही माखा. यासाठी एक अख्खी संध्याकाळ ठेवावी. मीही आता ठेवतो.

लाकूड २४० च्या पॉलिश पेपरने सुरू करून ४०० पर्यंत घासा, सँडिंग सीलरचे, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे, दोन हात द्या, प्रत्येक हातानंतर पुन्हा घासा. धूळ ओलसर फडक्याने टिपा आणि त्यानंतर नुसत्या बोटांनी लाकडाला हात लावू नका, घामाचा डागही रंग धरू देत नाही.

रंगाआधी विमान काट्यावर ठेवा, वजन लिहून ठेवा, आणि रंगानंतर पुन्हा मोजा. शेपटीवर पातळ हातच पुरे, कारण शेपूट तोलाच्या बिंदूपासून लांब असते. तिथे चढलेलं थोडं वजनही सावरायला नाकात त्याहून जास्त शिसं घालावं लागतं. पंखाच्या खालच्या बाजूला नारिंगी किंवा गडद पट्टा ठेवा, सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, दुपारच्या झळीत विमान दूर गेलं की उलटं की सुलटं तेवढ्यावरूनच कळतं.

आणि उडवायला जाताना पिशवीत साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली, जुनं सुती फडकं. सायलेन्सरच्या बाजूचं तेल मैदानावरच पुसून टाका. इंधनाचं झाकण घट्ट लावा, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या हवेत ते भरपूर आहे.