ग्राहीचा संदेश थांबतो कसा: आकृती काढण्याची एक रीत

पेशीतील संदेशवहनाची आकृती काढताना बहुतेक विद्यार्थी संप्रेरकापासून आरंभ करून बाणामागून बाण काढत परिणामापर्यंत पोहोचतात. संदेश थांबतो कसा, हे मात्र कागदावर येतच नाही. म्हणून हृदयपेशीवरील अ‍ॅड्रेनालिनचा बीटा ग्राही (संप्रेरक ओळखून त्याचा संदेश पेशीत पोहोचवणारे प्रथिन) उदाहरणादाखल घ्यावा, पुढे जाणारे बाण काळ्या शाईने काढावेत आणि तो टप्पा आवरणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) नाव शेजारी लाल शाईने लिहिल्याखेरीज पुढच्या बाणाला हात घालू नये.

काळे बाण सोपे आहेत: ग्राही जी-प्रथिनाला (संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाला) जागे करतो, त्याच्या अल्फा भागातील जीडीपी (बंद अवस्थेतील रेणू) सुटून तेथे जीटीपी (चालू अवस्थेतील रेणू) बसतो, मग अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे विकर एटीपीपासून चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू तयार करते आणि त्यामुळे प्रथिन कायनेज-ए, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर, कामाला लागते.

पहिले लाल नाव लिहिताना विद्यार्थी हमखास अडतात, कारण जी-प्रथिनाचा अल्फा भाग स्वतःच विकर आहे. तो आपल्याजवळच्या जीटीपीचे विघटन करून स्वतःला बंद करतो. अलिबाग-पेणकडच्या खारबांधातील उघाडी (खारे पाणी रोखणाऱ्या बांधातील झडपेचे दार) ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन उमगते: भरतीचे पाणी चढले की तिची झडप माणसाने हात न लावता मिटते. (उपमा येथपर्यंतच ताणावी, झडप बाहेरच्या दाबाने मिटते, अल्फा भाग आपल्याच रासायनिक क्रियेने.) चक्रीय एएमपीपुढे ते मोडणारे फॉस्फोडायएस्टरेज लिहावे, कायनेजने जोडलेल्या फॉस्फेटपुढे तो काढून टाकणारे फॉस्फेटेज. खुद्द ग्राहीपुढे मात्र जीआरके हे कायनेजच येते: ते ग्राहीच्या शेपटीला फॉस्फेट जोडते, त्यावर अरेस्टिन हे प्रथिन बसते आणि ग्राहीचा जी-प्रथिनाशी संबंध तुटतो. ‘फॉस्फेट जोडला म्हणजे संदेश चालू’ असे पाठ केलेल्यांनी हा टप्पा दोनदा काढावा.

आकृती पुरी झाल्यावर एक लाल नाव खोडून काय होईल ते सांगावे. आतड्याच्या पेशीत अल्फा भागाची जीटीपी-विघटनाची क्षमता खोडली, तर चक्रीय एएमपी वाढतच राहते, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जाते आणि त्यामागून सोडियम व पाणी. कॉलऱ्याचे विष नेमके हेच करते. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र शोषणारी वाट त्या विषाने बंद होत नाही, म्हणून अशा रुग्णाला योग्य प्रमाणातील मीठ-साखरेचे पाणी लागू पडते; ती वाट आकृतीच्या कडेला निळ्या शाईने दाखवावी.