‘सर्कमस्पेक्ट’ हा शब्द कसा समजून घ्यावा आणि कुठे वापरावा

इंग्रजी वृत्तपत्रांत ‘सर्कमस्पेक्ट’ हे विशेषण अधूनमधून भेटते. शब्दकोशात त्यापुढे ‘सावध’ एवढेच दिसले की आपण ते ‘कॉशस’च्या जागी बिनदिक्कत वापरू लागतो. तसे करण्याआधी शब्द फोडून पाहावा. लॅटिनमध्ये ‘किर्कुम’ म्हणजे सभोवती आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. या दोहोंच्या जोडणीतून भोवताली नजर फिरवणे या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि त्याचे विशेषणरूप १५ व्या शतकात इंग्रजीत रुळले.

मराठी वाचकाला ही फोड लक्षात ठेवणे मुळीच जड जाऊ नये. ‘किर्कुम’चे काम संस्कृतात ‘परि’ हा उपसर्ग करतो, म्हणून ‘सर्कमस्टन्स’ आणि ‘परिस्थिती’ या शब्दांची घडण अगदी सारखी आहे: भोवती उभे असलेले ते. ‘स्पेकेरे’चे नाते तर संस्कृतातील ‘स्पश्’ या धातूशी आहे आणि आपला रोजचा ‘स्पष्ट’ त्याच धातूपासून आला आहे. घडणीने ‘सर्कमस्पेक्ट’ला सर्वांत जवळचा संस्कृत शब्द मात्र ‘परीक्षा’ (परि + ईक्षा) हा ठरतो. त्याचा अर्थ फार वेगळ्या वाटेने गेला, त्यामुळे भाषांतरात तो कामाचा नाही.

आता वापराकडे वळू. पाऊल उचलण्यापूर्वी जो सगळ्या बाजू आणि परिणाम पाहतो, तो सर्कमस्पेक्ट. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणारा माणूस या वर्णनात बसत नाही, कारण त्याची सावधगिरी एकाच जुन्या अनुभवाच्या भीतीतून आलेली असते; त्याला इंग्रजीत ‘वेअरी’ म्हणावे. ओल्या फरशीवरच्या पाटीलाही ‘कॉशन’च हवे, तिथे चहूबाजूंचा विचार करायला कोणी थांबत नाही. उलट पत्रकारांच्या प्रश्नाला मोजके, कुठेही न अडकवणारे उत्तर देणारा मंत्री, किंवा तारण, उत्पन्न आणि बाजाराची चाल तपासूनच कर्ज मंजूर करणारी बँक, यांना हा शब्द चपखल लागू पडतो.

मराठीत आणताना ‘चौकस’ टाळावे, कारण त्यात आता कुतूहल अधिक आणि जपणूक कमी उरली आहे. ‘मागचापुढचा विचार करणारा’ हे लांबलचक असले तरी नेमके आहे. औपचारिक लेखनात ‘सारासार विचार करून वागणारा’ चालेल.

क्रियाविशेषण ‘सर्कमस्पेक्टली’ बोलण्यात जड वाटते. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, ते कसे चालावे हे सांगताना येते, पण अलीकडच्या अनेक इंग्रजी भाषांतरांनी तिथे साधे ‘केअरफुल’ घेतले आहे. पत्रव्यवहारात आपणही तेच करावे आणि विशेषण तेवढे राखून ठेवावे. उच्चारताना आघात पहिल्या ‘सर्’वर द्यावा.