लेकरू नीट वाढतंय का, हे घरच्या घरी कसं पाहावं

कापूस वेचणीच्या दिवसांत माय सकाळीच वावरात जाते आणि लेकरू आजीपाशी राहतं. संध्याकाळी काय खाल्लं विचारलं, तर "खाल्ली की भाकर" एवढंच कळतं. तीन ते सहा वर्षांचं लेकरू अशा घरात हळूहळू मागे पडलं तरी लक्षात येत नाही, कारण ते चालतं, खेळतं, हसतं. म्हणून महिन्यातला एक दिवस त्याच्यासाठी ठेवा. अंगणवाडीतला वजनाचा दिवस धरला तर उत्तम.

वजन करा, पण रेघ पाहा

चपला, जाड कपडे, वाळे काढूनच लेकराला काट्यावर द्या. आकडा ऐकून परत फिरू नका. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात अंगणवाडी ताईंकडून टिंब टाकून घ्या आणि ते मागच्या टिंबाला जोडा. या वयात वर्षाला साधारण 2 किलो वजन आणि 6 ते 7 सेंटिमीटर उंची वाढते. म्हणजे महिन्याला पाव किलोसुद्धा नाही, त्यामुळे एखाद्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून घाबरू नका. दोन-तीन महिने रेघ आडवीच राहिली किंवा खाली वळली, तर मात्र थांबू नका.

अंदाजासाठी आकडे : तिसरं वर्ष पूर्ण होताना मुलगा सुमारे 14 किलो आणि 96 सेंटिमीटर, पाचवं पूर्ण होताना 18 किलो आणि 110 सेंटिमीटर. मुली जराशा कमी. तीन वर्षांच्या मुलाचं वजन 11.3 किलोच्या खाली, मुलीचं 10.8 च्या खाली असेल, तर ते वयाच्या मानानं कमी आहे. पाच वर्षांपर्यंत दंडाचा घेरही मोजतात. तो 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लेकरू कुपोषित आहे, आणि 11.5 पेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

"त्याचा बापही लहानपणी काडीच होता" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं. बुटकेपण घराण्यातून येऊ शकतं, पण चढती रेघ खाली वळणं घराण्यातून येत नाही.

उंची भिंतीवर लिहा

तीन महिन्यांतून एकदा पुरे. लेकराला अनवाणी भिंतीशी उभं करा, टाचा टेकलेल्या, नजर समोर. डोक्यावर पाटी आडवी धरा, खाली पेन्सिलीची खूण करा आणि बाजूला तारीख लिहा.

अंगणात खेळवा आणि पाहत राहा

परीक्षा घेतल्यासारखं विचारलं की लेकरू आईच्या पदराआड जातं. त्यापेक्षा धुळीत काडीनं गोल काढा आणि काडी त्याच्या हातात द्या. तीन वर्षांचं लेकरू काडी मुठीत धरून गोल काढतं, टोकं जुळत नाहीत, तरी चालेल. चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह जमतं, पाचव्याला चौकोन. तिसऱ्या वर्षी दोन्ही पाय जुळवून उडी, चौथ्याला एका पायावर दोन-तीन उड्या, पाचव्याला लंगडी.

बोलणं पाहायला तान्हा पोळ्यासारखा, लेकरांच्या सणाचा, दिवस नाही. लाकडी बैल घेऊन दारोदार जाताना चार वर्षांचं लेकरू आपलं नाव सांगतं, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागतं आणि परक्या माणसालाही त्याचं बोलणं कळतं. पाच वर्षांचं घरी येऊन कुणी काय दिलं ते क्रमानं सांगतं. पण घरी गोंडी किंवा कोरकू बोलणारं लेकरू अंगणवाडीत गप्प बसलं, तर त्याला मंद ठरवू नका. घरच्या भाषेत विचारून पाहा.

दोन-चार महिन्यांचं मागेपुढे होतंच. पण येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, हाक मारल्यावर वळत नाही, कान वाहतो, चार वर्षांचं होऊनही बोलणं घरच्यांनाच कळतं, असं काही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे विदर्भात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूर भागात, सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. लेकरू फिकट दिसतं, डोळे पिवळे, हातपाय सारखे दुखतात, तर रक्ताची तपासणी करून घ्याच.

ताटात काय

पोट लहान, म्हणून दिवसातून पाच वेळा थोडं-थोडं. जवारीची भाकर वरणात कुस्करा, वर चमचाभर तेल. जवसाची चटणी, चवळी, शेवग्याची पानं, जमेल तेव्हा अंडं. शेंगदाणे कुटूनच द्या, अख्खा दाणा घशात अडकतो. चहा-बिस्कीट मात्र बंद करा. चहानं भूक मरते आणि जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तेच लोह जास्त लागतं.

तारखा चुकवू नका

जंतनाशक गोळी सरकारी मोहिमेत मिळते, तारीख ताईंना विचारून ठेवा. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा डोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, ताईंना दिवस विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका.

मिरची तोडायला तेलंगणात जाणार असाल, तर माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत न ठेवता सोबत न्या, आणि पोहोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत दाखवून वजन करून घ्या.